पांढरी, काळी आणि प्लॉट: वाशी परिसरातील वस्तीविस्ताराचा इतिहास

धाराशिव जिल्ह्याच्या उत्तरेस, बीड जिल्ह्याच्या हद्दीजवळ बालाघाटच्या पठारावर वसलेले वाशी हे दीर्घकाळ शेतीवर जगणारे गाव होते. तालुक्याचे ठिकाण ही त्याची ओळख अलीकडची आणि नगरपंचायत ही त्याहूनही अलीकडची आहे. या दोन बदलांमुळे अशा गावाभोवतीच्या शेतजमिनीला पिकाखेरीज घरबांधणीचीही किंमत येते, आणि नव्या वसाहतींबरोबर रहिवाशांच्या मनात काही ठरावीक शंका उभ्या राहतात: रस्ता कोण करणार, पाणी कोठून आणणार, खरेदीचा कागद टिकेल का, ओढ्याची वाट बुजली तर पावसाचे पाणी कोणाच्या घरात शिरेल. या शंकांना आजच्या बांधकाम व्यवसायापुरते मर्यादित मानणे हे अपुऱ्या वाचनाचे लक्षण ठरेल. मराठवाड्यातील गावांची वस्ती कशी वाढत गेली हे पाहिले, तर घर आधी उभे राहते व त्याला मान्यता देणारा कागद मागाहून येतो, हा क्रम निदान शंभर वर्षे सुटलेला नाही असे दिसते. आणि ज्या एका प्रसंगी कागद आधी व घर नंतर असे घडले, तेव्हा रहिवाशांना विचारायचेच राहून गेले.

गावाच्या जमिनीचे जुने मराठी वर्गीकरण दोन रंगांचे होते. जिच्यात पीक येते ती ‘काळी’ आणि जिच्यावर घरे उभी राहतात ती ‘पांढरी’. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (1915) या ग्रंथात ज्या ग्रामव्यवस्थेचे वर्णन आले आहे, तिचा पायाच काळी आणि पांढरी यांच्या या विभागणीवर होता. पाटील-कुलकर्ण्यांचे हक्क, बलुतेदारांचे मान आणि वेशीबाहेर कोणी राहावे याचे निर्बंध या सर्वांचा संबंध पांढरीशी होता. पांढरीची माती बहुधा पिढ्यान्‌पिढ्यांची घरे पडून साचलेली असे, म्हणून जुनी गावे आजूबाजूच्या शिवारापेक्षा थोडी उंचावर दिसतात. याच जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, येथील टेकाडांनी पुराणवस्तू संशोधकांना सातवाहनकालीन अवशेष दिले, ते वस्तीवर वस्ती चढत गेल्यामुळेच. त्याच उंचवट्यावर वस्ती टिकवून ठेवण्यात एक व्यावहारिक शहाणपण होते: चांगली काळी जमीन घरांखाली जात नसे आणि पावसाचे पाणी गावातून निघून शिवारात उतरत असे.

या पांढरीवर उभे राहणारे घर म्हणजे माळवदाचे घर. जाड दगडी किंवा दगडमातीच्या भिंती, आत लाकडी खांब आणि तुळया, त्यांवर आडव्या फळ्या किंवा काटक्या, वर पाला आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर अशी त्याची रचना असे. घराचे माप चौरस फुटांत सांगण्याची रीत नव्हती. दोन खांबांमधील अंतराला ‘खण’ म्हणत आणि घर पाच खणांचे की सात खणांचे यावरून घरधन्याची ऐपत कळे. मोठ्या वाड्याच्या दारात ढाळज असे, म्हणजे प्रवेशाशी दोन्ही बाजूंना बसण्याची जागा. आत धान्य साठवण्यासाठी भिंतीत बळद, जमिनीत पेव, एका अंगाला गोठा आणि मागे परस. उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार राहणारे हे घर स्थानिक सामानातून, गावातल्याच सुतार-वडारांच्या हातून उभे राही आणि दर पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीचा नवा थर चढे. वर्षानुवर्षे चढत गेलेला हाच थर पुढे जिवावर उठेल, अशी कल्पना मात्र कोणी केली नव्हती.

जुन्या गावाच्या रचनेकडे हळवेपणाने पाहण्याचे कारण नाही. गावकुसाच्या, म्हणजे गावाभोवतीच्या तटाच्या, आत कोणी राहावे आणि बाहेर कोणी राहावे हे जातीने ठरत होते. महारवाडा आणि मांगवाडा सहसा कुसाबाहेर, आणि भटक्या जमातींना तर कुठलीच ठरलेली जागा नसे. गावाचा विस्तार होत नसे याचे एक कारण असे की ज्यांना जागेची सर्वाधिक गरज होती त्यांना ती मागण्याचा हक्कच नव्हता. आज गावाच्या नकाशावर ‘अतिक्रमण’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या कितीतरी वस्त्यांचे मूळ या जुन्या नकारात आहे.

निजामाच्या राजवटीत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत जिल्ह्याचे ठिकाण नळदुर्ग होते, नंतर ते धाराशिवला आले आणि सातवा निजाम मीर उस्मान अली खान याच्या नावावरून गावाला व जिल्ह्याला उस्मानाबाद हे नाव मिळाले. पश्चिमेकडील बार्शी मात्र इंग्रजी अमलात, सोलापूर जिल्ह्यात होती. बार्शी लाइट रेल्वे 1897 मध्ये सुरू झाल्यावर बालाघाटावरच्या शेतमालाची ओढ बार्शीच्या बाजारपेठेकडे राहिली, त्यामुळे संस्थानातील छोट्या गावांची वाढ बेताचीच झाली. हैदराबाद संस्थानाने पैमाईश, म्हणजे जमिनीची मोजणी, करून शेतीचे नंबर बांधले, पण सरकारला सारा शेतीतून मिळत असल्यामुळे काळीची नोंद जितकी काटेकोर झाली तितकी पांढरीची झाली नाही. गावातील घरांखालची जागा नकाशावर एकच ठिगळ म्हणून राहिली. जमीनमालकीच्या वादांत मराठवाड्यात आजही ज्या कागदाचा आधार घेतला जातो ते 1954 च्या सुमाराचे खासरा पाहणी पत्रक हेसुद्धा शेतजमिनीचे आहे, घरांचे नाही.

17 सप्टेंबर 1948 रोजी संस्थान भारतात विलीन झाले, 1956 मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात आला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 या कायद्याने ‘गावठाण’ ही संज्ञा पक्की केली: गावाच्या हद्दीतील जी जागा वस्तीसाठी ठरवली गेली आहे ती, आणि तिची सीमा ठरवण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याचा. गावठाणाबाहेर घर बांधायचे तर जमीन अकृषिक करून घ्यावी लागे. व्यवहारात हीच ‘एनए’. ग्रामपंचायतीने घरपट्टीसाठी ठेवलेला नमुना 8 हा मूळचा कर आकारणीचा कागद, पण गावठाणातील जागेचा दुसरा पुरावाच नसल्याने लोकांनी त्याला मालकीचा दाखला मानले, बँकांनीही बऱ्याचदा मानले, आणि भावाभावांच्या वाटण्या त्यावरच झाल्या. ही उणीव भरून काढण्यासाठी केंद्राची स्वामित्व योजना 24 एप्रिल 2020 रोजी जाहीर झाली आणि ड्रोनने गावठाणे मोजून मिळकतपत्रिका देण्याचे काम सुरू झाले. महाराष्ट्रात त्याआधीच पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे हा प्रयोग झाला होता. म्हणजे शेताची मोजणी झाल्यानंतर घराच्या मोजणीची पाळी यायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

जिल्ह्याच्या वस्तीविषयक इतिहासातील सर्वांत मोठी घटना 30 सप्टेंबर 1993 ची. अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची ती पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारीजवळ केंद्र असलेला भूकंप झाला आणि औसा व उमरगा तालुक्यांतील गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या जवळ जातो. भूकंपाची तीव्रता जगाच्या मानाने मध्यम होती. माणसे मेली ती झोपेत, माळवदाखाली, दगड आणि मातीच्या ओझ्याखाली. ज्या घराने उन्हापासून राखले त्याच घराचा धसका पुढे अनेक वर्षे राहिला, आणि लोकांनी धडधाकट माळवदेसुद्धा उतरवून पत्र्याचे छप्पर घातले.

जागतिक बँकेच्या मदतीने राज्य शासनाने हाती घेतलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात गावांचे तीन वर्ग करण्यात आले. सर्वाधिक हानी झालेली 52 गावे नव्या जागी हलवण्याचे ठरले. दुसऱ्या वर्गातील 22 गावांची जागा न बदलता पुनर्बांधणी झाली. आणि तिसऱ्या वर्गात राज्याच्या अनेक जिल्ह्यांतील हजारो गावांत घरांची दुरुस्ती आणि बळकटीकरण घरमालकांनीच करावे, शासनाने पैसा आणि तांत्रिक सल्ला द्यावा, अशी योजना होती. या तिसऱ्या वर्गात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून काम दिले. घराचा पैसा कसा मिळतो, कोपऱ्याला कड्या कशा बसवायच्या, सिमेंट किती लागते हे त्या शेजारणींना समजावून सांगत.

स्थलांतरित 52 गावांचे चित्र वेगळे होते. येथे घराचे माप जमीनधारणेवर ठरले: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना 250 चौरस फूट, मध्यम शेतकऱ्यांना 400 आणि सात हेक्टरांहून अधिक जमीन असणाऱ्यांना 750. जे गाव पूर्वी दाटीवाटीने वसलेले होते ते आता रुंद रस्त्यांच्या चौकटीत, जुन्या गावाच्या कितीतरी पट क्षेत्रावर पसरले, आणि त्यासाठी लागलेली जमीन बहुधा कोणाची तरी कसती काळी होती. एकाच मापाची घरे एका ओळीत आल्यामुळे एकत्र कुटुंबातील भाऊ, चुलते आणि जुने शेजारी गावाच्या वेगवेगळ्या टोकांना गेले. काँक्रीटच्या दोन खोल्यांत बळदाला जागा नव्हती, गोठ्याचा विचार नव्हता, चूल कुठे पेटवायची याचा तर नव्हताच. काही वर्षांत लोकांनी घरापुढे पत्र्याचे शेड काढले, कुंपणे घातली, भिंत फोडून दारे हलवली, आणि आराखड्यात नसलेले गाव हळूहळू आराखड्यावर उगवले. रुंद रस्ते दुरुस्त ठेवणे आणि लांबलेल्या नळवाहिन्या चालू ठेवणे ग्रामपंचायतींच्या ऐपतीबाहेर होते. भूकंपाने बेघर झालेल्या माणसांना पक्के छप्पर वेगाने मिळाले हे यश नाकारण्याचे कारण नाही. पण धाराशिव आणि लातूरच्या लोकांनी घरबांधणीच्या मोठ्या योजनेकडे सावधपणे पाहायला शिकावे, इतका अनुभव या गावांनी नक्कीच दिला. जेथे घरमालकाच्या हातात पैसा आणि निर्णय दोन्ही राहिले, तेथील घरे लहान असली तरी वापरात राहिली. पुनर्वसनाच्या अभ्यासकांनीही पुढे घरमालकाच्या हाताने होणाऱ्या बांधणीकडे अधिक लक्ष दिले.

जिल्ह्याच्या प्रशासकीय नकाशातही भूकंपाच्या आगेमागे बदल झाले. 1982 मध्ये लातूर वेगळा जिल्हा झाला; उरलेल्या उस्मानाबादमध्ये, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, पुढे वाशी आणि लोहारा हे नवे तालुके झाले. भूम तालुक्यात असलेले वाशी स्वतःच तालुक्याचे गाव झाले. तालुका होणे म्हणजे तहसील, पंचायत समिती, पोलीस ठाणे, बँका, शाळा-महाविद्यालये आणि त्यांच्या मागोमाग येणारा पगारदार वर्ग. शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी यांना राहायला जागा हवी; खेड्यातील शेतकऱ्याला मुलांच्या शिक्षणासाठी तालुक्याला एक खोली हवी; ऊसतोडीच्या हंगामानंतर परतणाऱ्या मजुराला गावठाणात दाटी झाल्यामुळे वडिलार्जित घरात जागा उरत नाही. त्यातच सोलापूर–धुळे महामार्गाचे येडशीपासून पुढे चौपदरीकरण झाले आणि तेरखेडा, पारगाव, सरमकुंडी फाटा या पट्ट्यात रस्त्यालगतच्या जमिनीला मागणी आली. संपादनाचा मोबदला हाती आलेला शेतकरी आणि जमीन विकून कर्ज फेडणारा शेतकरी, दोघेही मग एकाच दलालाच्या ओट्यावर भेटतात.

या व्यवहारात जो शब्द सर्वाधिक ऐकू येतो तो ‘गुंठेवारी’. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट आणि चाळीस गुंठ्यांचा एक एकर; एकराचे तुकडे करून गुंठ्यागुंठ्याने, मंजूर रेखांकनाशिवाय, जागा विकणे म्हणजे गुंठेवारी. कायद्याने हे कधीच मान्य नव्हते. शेतीचे तुकडे पडू नयेत म्हणून 1947 चा तुकडेबंदी कायदा होता, ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याची खरेदी त्याने रोखली होती. तरीही व्यवहार झाले, कारण गरज कायद्यासाठी थांबत नाही: शंभर रुपयांच्या मुद्रांकावर, नोटरीपुढे, किंवा दहा-वीस जणांनी मिळून एका सातबाऱ्यावर सामायिक नाव लावून. चतुःसीमा, म्हणजे चारही बाजूंना कोण आहे याची नोंद, कागदावर असे; पण दारापर्यंत येणारा रस्ता कोणाच्याच कागदावर नसे. या वसाहतींतील पुढच्या बहुतेक भांडणांचे मूळ तेथे सापडते.

शासनाने या वास्तवाशी वेळोवेळी जुळवून घेतले आणि प्रत्येक वेळी तारीख पुढे सरकवली. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने 1 जानेवारी 2001 पूर्वीचे भूखंड नियमित करण्याची सोय केली; 2021 च्या दुरुस्तीने ती मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंत वाढली. नोंदणी विभागाने जुलै 2021 च्या परिपत्रकाने तुकड्यांची दस्तनोंदणी रोखली, तर मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द ठरवले. ऑगस्ट 2023 मध्ये बहुतांश जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे असे खाली आणले गेले, आणि जुलै 2025 मध्ये महसूलमंत्र्यांनी विधानसभेत वस्तीच्या क्षेत्रापुरता तुकडेबंदी कायदा बाजूला ठेवण्याची घोषणा केली. बेकायदा ठरलेल्या लाखो कुटुंबांना यातून दिलासा मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. मात्र ज्याने रीतसर रेखांकन करून रस्ते आणि मोकळी जागा सोडली त्याच्यापेक्षा ज्याने काहीच सोडले नाही तो फायद्यात राहतो, हा या सर्व नियमितीकरणाचा उघड तोटा आहे, आणि खरेदीदाराला नंतर जो चिखल तुडवावा लागतो तो याच तोट्यातून आलेला असतो.

मराठवाड्यात आणखी एक गुंता आहे, जो पुण्या-नाशिकच्या खरेदीदाराला सहसा भेटत नाही. निजामकाळात देवस्थान, दर्गा, मशीद यांच्या सेवेसाठी दिलेल्या जमिनी ‘खिदमतमाश’ आणि व्यक्तीच्या निर्वाहासाठी दिलेल्या ‘मदतमाश’ अशा इनामी जमिनी येथे मोठ्या प्रमाणावर होत्या. या जमिनी सरकारी परवानगीशिवाय विकता येत नाहीत आणि सातबाऱ्यावर त्यांना ‘भोगवटादार वर्ग 2’ म्हणतात. अनेक शहरांच्या आणि तालुक्याच्या गावांच्या भोवती अशा जमिनींवर घरे उभी राहिली. घरमालकाने खरेदीखत घेतले, पट्टी भरली, आणि वीस वर्षांनी त्याला कळले की मुळात विकणाऱ्यालाच विकण्याचा अधिकार नव्हता. नजराणा, म्हणजे सरकारला भरायची रक्कम, घेऊन यांतील मदतमाश जमिनी मोकळ्या करण्याचे धोरण राज्य शासनाने अलीकडे स्वीकारले आहे, पण खरेदीपूर्वी जुन्या नोंदी काढून पाहण्याची गरज त्याने संपत नाही.

ज्यांना गुंठाही परवडत नाही त्यांची वस्ती गायरानावर आहे. गायरान म्हणजे गावाच्या गुरांसाठी राखलेली सामाईक जमीन. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील 1959 आणि 1964–65 च्या भूमिहीन सत्याग्रहांनी या जमिनीवर हक्क सांगितला, आणि मराठवाड्यात त्याचे पडसाद पुढे दीर्घकाळ उमटले. सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी 2011 च्या निकालानंतर सामाईक जमिनींवरील ताबे काढण्याचे धोरण कडक झाले, आणि ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणे हटवण्याविषयी आदेश दिल्यावर राज्यभर नोटिसा निघाल्या. एकाच गावात एका बाजूला विनापरवाना प्लॉट नियमित होतात आणि दुसऱ्या बाजूला गायरानावरील पारधी किंवा मातंग वस्तीला नोटीस येते, तेव्हा कायद्याची नजर दोघांकडे सारख्या पट्टीने पाहते असे म्हणणे कठीण आहे.

याच नावाच्या दुसऱ्या गावाचा दाखला येथे उपयोगी पडतो. ठाणे खाडीपलीकडील वाशी 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडको या शासकीय महामंडळाने नवी मुंबईचा भाग म्हणून आखली. तेथे रस्ते, गटारे आणि क्षेत्रांची विभागणी घरांच्या आधी झाली, पण जमीन गेलेल्या गावकऱ्यांना जानेवारी 1984 मधील जासई परिसरातील गोळीबार आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतरच साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. आखणी होती, पण विचारणा नव्हती. बालाघाटावरच्या वाशीसारख्या गावांत मोठ्या जमीन संपादनाची भीती कमी, आणि आखणीचा अभाव अधिक.

2014 मध्ये राज्य शासनाने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायतीचा दर्जा देण्याचे ठरवले आणि त्या धोरणात वाशीही नगरपंचायत झाली. रहिवाशांसाठी हा बदल दिसतो त्याहून मोठा आहे. ग्रामसभा संपते, म्हणजे वर्षातून काही वेळा सर्व मतदारांनी एकत्र बसून प्रश्न विचारण्याची जागा संपते. घरकुल ग्रामीण योजनेतून निघून नागरी योजनेत जाते आणि तेथे जागेच्या मालकीचा पुरावा अधिक कसोशीने मागितला जातो. बांधकामाची परवानगी मुख्याधिकाऱ्याच्या कार्यालयात जाते, आणि डिसेंबर 2020 पासून लागू झालेली एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू होते, जिच्यानुसार 0.4 हेक्टर किंवा त्याहून मोठ्या रेखांकनात 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. नियम चांगले आहेत. अडचण अशी की नगर अभियंत्यांची आणि नगररचनाकारांची संख्या अशा छोट्या नागरी संस्थांत अपुरी असते, आणि मोकळ्या जागेचे नकाशावरचे हिरवे चौकोन प्रत्यक्षात कोणाच्या कडब्याच्या गंजीखाली गेले हे तपासायला माणूस नसतो.

पाण्याचा प्रश्न यापुढचा आहे आणि तो टाळता येणारा नाही. मांजरा नदी बीड जिल्ह्यात बालाघाटावर उगम पावते आणि पुढे या भागाच्या सीमेवरून वाहते, पण तिच्या वरच्या खोऱ्यात पाणी थोडे, आणि दुष्काळ 1972 चा असो की 2015–16 चा, टँकर येथे ओळखीचा आहे. दुसऱ्या टोकाला सप्टेंबर 2025 च्या अतिवृष्टीने जिल्ह्यात, विशेषतः भूम आणि परंडा भागात, नदी-ओढ्यांच्या काठची शेते आणि घरे पाण्याखाली घातली. जुनी पांढरी उंचवट्यावर का होती याचे उत्तर अशा वर्षी मिळते. प्लॉटचा दर पाहून खरेदी करणाऱ्याने जमीन सखल आहे का, ओढ्याचे पात्र कुठून जात होते आणि कूपनलिकेला किती खोलीवर पाणी लागते हे तीन प्रश्न भावापूर्वी विचारायला हवेत.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार नगरपंचायतीला विकास आराखडा, म्हणजे पुढील वीसेक वर्षांत रस्ते, शाळा, बाजार, स्मशान आणि घरे कुठे असतील याचा नकाशा, तयार करावा लागतो. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर हरकती आणि सूचनांसाठी नागरिकांना तीस दिवस मिळतात. आरक्षित केलेली जमीन दहा वर्षांत संपादित झाली नाही तर मालक सूचना देऊन आरक्षण व्यपगत करून घेऊ शकतो. छोट्या गावांत या तीस दिवसांची बातमी बहुतेकांना मुदत संपल्यावर कळते. वाशीच्या आणि तिच्यासारख्या सर्व नव्या नगरपंचायतींच्या रहिवाशांनी आराखड्याची प्रत मराठीत आणि मोठ्या आकारात चावडीवर लावण्याची मागणी करावी, आपल्या गल्लीचा रस्ता आणि ओढ्याची वाट त्यावर शोधावी, आणि हरकत तोंडी न सांगता लेखी देऊन पोच घ्यावी.